ढोलवाल्या बाईंची शाळा

ढोलवाल्या बाई कुणाच्याही घरची बेल वाजवत नसत. बेल वाजवणं त्यांना असभ्यपणाचं वाटायचं. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं, तिथूनच त्यांची हाक सुरू व्हायची, "आली वो मी! येऊन राह्यली!" बाई नेमक्या कुणाकडे निघाल्यात हे कुणालाच कळत नसे, त्यामुळे अर्धी गल्ली चहाचं आधण ठेवायची. एकदा शेजारच्या काकूंनी धीर करून विचारलं, की दाराला बेल असताना एवढं ओरडायचं कशाला? बाई म्हणाल्या, "बेल अचानक वाजते. आतमंदी कुत्रं झोपलं असन तर त्याचा जीव खालीवर होते. माहा आवाज कसा, दुरून येते, हळूहळू मोठा होते. आवाज वाईट नसते बाप्पा, अचानक वाईट असते." काकूंच्या घरी कुत्रं नव्हतंच. पण बाईंना हे सांगायची हिंमत कुणात होती?

पिपरी मेघेतल्या आमच्या कॉलनीत नोकरदार माणसंच जास्त. कुणी बँकेत, कुणी कचेरीत, कुणी शाळेत. बाई एका सरकारी शाळेत मुख्याध्यापिका होत्या. ठेंगणा बांधा, जाड भिंगाचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे बूट. शाळेचं बँडपथक त्यांनी उभं केलेलं. निवृत्तीच्या सत्काराला शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा त्यांनी भर सभेत सांगितलं, "शाली बम्म झाल्या घरी, मले तो फाटका ढोल द्या." शाळेनं दिला. त्याला नवं कातडं चढवून त्यांनी तो ओसरीत टांगला, आणि त्या दिवसापासून त्यांचं मूळ नाव मागे पडलं.

विनय हा गुण बाईंच्या वाट्याला आलाच नव्हता, आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. सव्वीस जानेवारीचा विषय निघो की वांग्याच्या भावाचा, दोन वाक्यांत त्या स्वतःच्या बँडपथकावर यायच्या. "माह्या पोट्ट्यांयचा बँड वाजला का तालुक्याचे साहेब खुर्चीवरून उठून उभे राहत जात!" असं सांगताना त्या स्वतःही खुर्चीवरून उठायच्या. आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. पण त्यांचा कुठलाही जुना विद्यार्थी रस्त्यात भेटला की पायाशी वाकायचा, आणि त्याचं नाव, त्याचं वाद्य आणि तो कुठे ताल चुकायचा हे बाईंना तोंडपाठ असायचं.

निवृत्तीनंतर बाई फटाक्यांना भिणाऱ्या कुत्र्यांची शाळा घ्यायच्या. तिची सुरुवात मात्र त्यांच्या फजितीतून झाली होती, आणि ती फजितीही त्या तेवढ्याच दणक्यात सांगायच्या. नोकरीत असताना त्यांनी राणी नावाची कुत्री पाळली होती. राणी फटाक्यांना भ्यायची. बाईंनी ठरवलं, सवय लावू. शाळेत नवी मुलंही आधी ढोलाला दचकतात, पण महिनाभर पथकात उभी केली की सरावतात. राणीलाही तसंच तालमीच्या मैदानात खांबाला बांधलं आणि पथकाला म्हणाल्या, वाजवा. "बांधलेलं कुत्रं काय करन बिचारं? थरथरत उभं राह्यलं. मले वाटलं, शांत झाली. मी त खूश!" त्यानंतर राणीनं एवढंच केलं, बाईंच्या हातात काठी, लाटणं, झाडू, काहीही लांबट दिसलं की ती घरातून निघून जायची. शेवटपर्यंत ती बाईंच्या यजमानांच्याच खाटेखाली राहिली. "मी साऱ्या शाळेची मास्तरीण होती, पण राणीची कधी झालीच नाई," बाई म्हणायच्या, आणि तेवढं एक वाक्य त्या हळू आवाजात बोलायच्या.

आमचा त्यांच्याशी खरा संबंध आला तो भुऱ्यामुळे. माझी आई गेली आणि त्यानंतर बाबा बोलेनासे झाले. भांडण नाही, रडणं नाही, फक्त बोलणं बंद. मी कचेरीतून आले की "जेवले का?" एवढंच विचारायचे. त्याच पावसाळ्यात एक भुरकट गावठी पिल्लू आमच्या गेटाखालून आत शिरलं आणि बाबांच्या चपलेवर झोपलं. बाबा त्याच्याशी बोलायला लागले. पेपरातल्या बातम्या, भाजीचे भाव, आईनं लावलेल्या जास्वंदीला किती कळ्या आल्या, सगळं भुऱ्याला. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे आणि मला तेवढं पुरायचं.

मग भुऱ्याची पहिली दिवाळी आली. पहिल्या लडीलाच त्याच्या तोंडातून लाळ गळायला लागली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी गेटासमोर सुतळी बॉम्ब लावला, तेव्हा तो खिडकीची जाळी फाडून नागपूर रोडच्या दिशेनं सुटला. बाबा त्याच्यामागे धावले आणि नालीत पडून हात मोडून घेतला. भुऱ्या सापडला, पण कुठे, तर दूरच्या एका कापसाच्या जिनिंग मिलच्या आवारात, सरकीच्या ढिगामागे. पंजे सोललेले होते. हिंगणघाटहून दादा आला, माझा मोठा भाऊ. बाबांचा प्लॅस्टरमधला हात पाहून तो म्हणाला, "पुढच्या दिवाळीले हे कुत्रं असं पळालं, तर याले मी माह्या दोस्ताच्या वावरात नेऊन सोडीन. कुत्र्यापायी बाप गमवायचा का मले?" दादाचं चूक नव्हतं. पण बाबा त्या रात्री जेवले नाहीत, आणि भुऱ्या गेला तर घरातला शेवटचा आवाजही जाईल हे मला स्पष्ट दिसत होतं.

ही गोष्ट किराणा दुकानापर्यंत गेली, म्हणजे बाईंपर्यंत गेली. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी हाक उठली. आल्या, बसल्या, भुऱ्याकडे न बघता चहा प्यायल्या. तो आपणहून येऊन त्यांचे बूट हुंगू लागला तेव्हा म्हणाल्या, "आता पुढचा पोळा झाला का शाळा सुरू करतो मी. याचं नाव घालून देल्लं. भाऊ, तुम्ही घेऊन येजा."

"हिलेच पाठवतो जी," बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

"हिचं कुत्रं हाय का? तुमचं हाय. पालकानंच यायचं असते."

बाईंशी वाद घालणं म्हणजे ढोलाशी वाद घालणं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आई गेल्यापासून पहिल्यांदा, बाबा इस्त्रीचा सदरा घालून घराबाहेर पडले.

शाळा बाईंच्या अंगणात भरायची. पाच-सहा कुत्री, त्यांचे पालक आणि ताटलीत उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे. अभ्यासक्रम ठरलेला. सुरुवात स्टीलच्या वाटीवर चमच्यानं, तीही अंगणाच्या पार टोकाला. टिंग, की लगेच अंड्याचा तुकडा. आधी आवाज, मग खाऊ, हा क्रम मोडला की पालकाला ओरडा. मग वाटी जवळ येणार, मग वाटीचं ताट होणार, ताटाचं पिंप, आणि सगळ्यात शेवटी, तेही ज्याचं त्याचं पाहून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ढोल. बाईंचा नियम एकच होता. "तुकडा खाल्ला नाई, म्हणजे आवाज मोठा झाला. चूक आपली, त्याची नाई. मागं सरका." आणि घाबरलेल्या कुत्र्याला कुणी "चूप! काऊन भेते रे?" म्हटलं, की बाई त्या माणसाकडे चष्म्यावरून बघायच्या. तेवढं पुरायचं. एक पांढरी कुत्री वाटीलाच मुतायची, तिला मात्र बाईंनी पहिल्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. "हे माह्या हातचं नाई, हिले दवा लागन," असं त्यांनी सरळ सांगितलं.

वाटी वाजवायचं काम त्यांनी बाबांना दिलं. बाबा आयुष्यभर ट्रेझरीत कारकून, त्यांचा तालाशी काय संबंध? एकदा हळू, एकदा जोरात, मध्येच थांबून विचार करायचे. "भाऊ, मागच्या बाकावर बसत होते वाटते तुम्ही," बाई म्हणाल्या. "वाटी हाय थे, पेन्शनची फाइल नाई." सगळे पालक हसले आणि मग बाबाही हसले. मी त्यांना चहाला बोलवायला गेले होते, कुंपणापाशीच थांबले.

एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर दोघं ओसरीवर बसलेले दिसले, भुऱ्या मध्ये. बाबा खाली बघत आईबद्दल सांगत होते, "हिचंही तसंच झालं बाई. सकाळी पोहे केले. मले म्हणे, लिंबू घेऊन येजा. मी लिंबू घेऊन आलो, अन् ती नव्हती." बाईंनी देवाची इच्छा, नशीब, असलं काही काढलं नाही. त्या म्हणाल्या, "हो. अचानक होतं थे." बाबा डोळे पुसायला लागले, तशा बाई थोड्या सरकून जवळ बसल्या, भुऱ्या घाबरला की बसायच्या अगदी तशा. एवढा मोठा आवाज असलेली बाई इतकी गप्प बसू शकते, हे मला तेव्हा कळलं.

दादाच्या धमकीचा मात्र त्यांनी वेगळा समाचार घेतला. केळझरच्या गणपतीला जाते म्हणून निघाल्या, दर्शन घेतलं आणि जवळच असलेल्या त्या दोस्ताच्या वावरात जाऊन धडकल्या. वांगी, टमाटे, पानकोबी, मळा मोठा छान. पण माकडांचा त्रास. दिवसभर तिथं माकडं हाकायला फटाके फुटत होते! बाईंनी परत येऊन, गल्लीच्या तोंडापासूनच, फोनवर दादाला झाडायला सुरुवात केली. "संजू, फटाक्याले भेते म्हणून तू त्याले फटाक्याच्या वावरात पाठवून राह्यला? काही डोकं हाय का नाई बेटा?" दादा फोनवर नुसतं "हो बाई, हो बाई" करत होता. पण अट त्यानं सोडली नाही. वावर नाही तर दुसरं कुठं, पण पुन्हा पळाला तर भुऱ्या घरात राहणार नाही.

आता कूलरचं सांगायला हवं. आमच्याकडे उन्हाळा कसा असतो ते सांगायला नको, घरोघरी खिडकीला पत्र्याचा मोठा कूलर असतोच. पावसाळा लागला की त्याची वाळ्याची ताटी काढून तो गच्चीवर नाहीतर मागच्या आवारात जातो. बाईंनी कॉलनीत फर्मान काढलं, ज्याच्या घरी कुत्रं आहे त्यानं कूलर दिवाळीनंतरच हलवायचा. कारण बाहेर बॉम्ब फुटला तरी कूलरच्या घरघरीत तो निम्माच ऐकू येतो. खोली तीच, कूलर तोच, खाटेखाली गोधडी, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, आणि कुत्रं आपणहून आत जाईल तेव्हा जाईल, ओढायचं नाही. बाबांनी इतक्या निष्ठेनं हे पाळलं की कूलरमध्ये पाणीही भरलं आणि ऐन थंडीच्या तोंडावर शिंकून बेजार झाले. "पानी टाकायले कोनं सांगतलं होतं भाऊ?" बाईंनी कपाळावर हात मारला. पण बाहेरच्यांना मात्र त्या अभिमानानं सांगायच्या, "असा पालक पायजे! सर्दी झाली, पण कूलर बंद नाई केला."

लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला. दादा, वहिनी, वहिनीचे भाऊ, घर भरलेलं. उजेड असतानाच बाबा भुऱ्याला लांब फिरवून, खाऊ घालून आले. पूजा झाली, फटाके सुरू झाले, आणि भुऱ्या कूलरच्या खोलीत बाबांच्या पायाशी अंड्याचे तुकडे खात होता. प्रत्येक आवाजाला कान हलले की तो बाबांच्या हाताकडे बघायचा. दादा दारातून पाहत उभा राहिला. त्याचा चेहरा खुलत गेला आणि मग त्यानं ते केलं जे आमच्या घरचाच माणूस करू शकतो. त्याला अभिमान आवरेना. "या, या, पाहा!" म्हणत त्यानं पाहुण्यांना अंगणात बोलावलं, बाबा "नको रे संजू" म्हणेपर्यंत भुऱ्याला पट्ट्याला धरून बाहेर आणलं, आणि मेहुण्याला म्हणाला, "लाव बॉम्ब. आमचा भुऱ्या हलत नाई आता."

बॉम्ब फुटला. पट्टा दादाच्या हातातून निसटला आणि भुऱ्या उघड्या गेटातून बाणासारखा गेला. बाबा ओट्यावरून उतरले, त्यांचा चेहरा मला बघवेना. दादा "भुऱ्या, भुऱ्या" करत नागपूर रोडकडे धावला. मी बाबांचा हात धरला, दुखरा होता तो, आणि आम्ही दोघं गल्लीत आलो. तेवढ्यात पलीकडून हाक उठली.

"इकडे हाय वो! माह्याकडे हाय!"

बाईंच्या खोलीत, त्यांच्या खाटेखाली, शाळेतलं कुणी आलंच तर म्हणून चालू ठेवलेल्या कूलरसमोर भुऱ्या बसला होता. थरथरत होता, पण बसला होता. शेजारी बाई फरशीवर, नवी पैठणी चुरगाळत. दादा धापा टाकत मागून आला, खाली मान घालून उभा राहिला. आता शिव्या पडतील असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. बाई उठल्या, पैठणी झटकली आणि भर गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पाह्यलं का संजू? पोट्टा घाबरला, पण कुठं पळाला? रोडले नाई गेला, शाळेत आला! पास झाला माहा भुऱ्या!" मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "भेव जातेच असं नाई बेटा. भेव वाटलं तर कुठं जायचं, हे ठाऊक असलं का झालं. तुले तरी दुसरं काय पायजे?"

दादा त्या रात्री भुऱ्यापाशी फरशीवर झोपला. दुसऱ्या दिवशी हिंगणघाटला जाताना त्यानं स्वतःच्या हातानं भुऱ्याच्या पट्ट्यावर आमचा फोन नंबर रंगवला आणि विषय कायमचा मिटला.

त्यानंतर बाईंच्या शाळेला आजूबाजूच्या कॉलन्यांतूनही विद्यार्थी यायला लागले. बाई भाषणांत बँडपथकाच्या आधी कुत्र्यांची नावं घेऊ लागल्या. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी त्यांच्या अंगणात नेऊन आणायचे, जसं कुणी आपल्या गावचं देऊळ दाखवतं. बाईंनाही ते आवडायचं. पाहुणा आला की त्या मुद्दाम चष्मा पुसून घ्यायच्या.

मागच्या दिवाळीला बाई अंथरुणावर होत्या. हृदय थकलं होतं. कॉलनीनं कुणी न सांगता ठरवलं की बाईंच्या गल्लीत फटाके नाहीत. लहान मुलांनीही फुलबाज्यांवर भागवलं. मी आणि बाबा फराळ घेऊन गेलो तर बाई उशीला टेकून बसलेल्या, कपाळाला आठ्या. "एवढं चूप काऊन हाय आज? कोनी मेलं का?" बाबांनी कारण सांगितलं. बाईंनी जोर लावून आवाज चढवला, "माह्यासाठी? मी काय कुत्रं हाय का भेणारं? लेकरायले फोडू द्या थोडे, दूर जाऊन. माह्या विद्यार्थ्यांयचा सराव बुडून राह्यला!" एवढं बोलूनच त्यांना धाप लागली. मग खिडकीबाहेरच्या शांततेकडे कान देऊन त्या म्हणाल्या, "पण चांगले हायत हो सारे. माहे लोकं चांगले हायत." बोलता बोलता त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला, आणि त्या दिवशी तर कुणी पाहुणा आलेला नव्हता.

संक्रांतीच्या आधी बाई गेल्या. अचानक नाही, सगळ्यांना भेटून, सगळ्यांना काही ना काही ऐकवून.

यंदा पोळा जवळ आला तशी मी बाबांवर नजर ठेवायला लागले. बाबा पुन्हा गप्प होतील ही भीती मला बाई गेल्यापासून होती. समोरच्या बंगल्यात नवं कुटुंब आलं होतं, नवरा-बायको दोघं डॉक्टर, त्यांचं गुबगुबीत पिवळं कुत्रं दहीहंडीतल्या डीजेला भिऊन दिवसभर बाथरूममध्ये बसलेलं. रविवारी मी कणीक मळत होते. बाबा भुऱ्याला घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, नेहमीसारखे फिरायला गेले असतील.

मग आमच्या खिडकीपर्यंत आवाज आला. आमच्या ओसरीच्या पायरीपलीकडे जो आवाज कधी गेला नव्हता, तो गल्लीच्या मधोमध उभा राहून, समोरच्या बंद दाराशी, दुरून, हळूहळू चढत चाललेला: "डॉक्टरसाहेब, घाबरू नका जी! मी समोरचा! येऊन राह्यलो!"

मी कणकेच्या हातांनी तशीच धावत ओसरीवर आले. बाबांनी मागे वळून पाहिलं आणि मला म्हणाले, "चहा ठेव. पालक येऊन राह्यले."